१०० पिल्लांसाठी ब्रूडर कसा लावायचा: पहिल्यांदाच पिल्लं आणणाऱ्यांसाठी

एक दिवसाची पिल्लं बुक करून झाली आणि आता "बल्ब लावला की झालं ना?" असं विचारणारे बरेच जण भेटतात, त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून ठेवते. नाही, बल्ब लावून होत नाही. पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते, पिसं नसतात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. खुडूक कोंबडी काय करते ते आठवा. पिल्लं तिच्या पंखाखाली जातात, उबली की बाहेर येतात, दाणे टिपतात, गार वाटलं की परत आत. कधी आत जायचं नि कधी बाहेर यायचं हे कोंबडी ठरवत नाही, पिल्लू ठरवतं. ब्रूडरमध्ये, म्हणजे कोंबडीऐवजी आपण पिल्लांना उब देतो त्या जागेत, आपल्याला हेच जमवायचंय, म्हणजे एक गरम जागा, तिच्याभोवती गार जागा, आणि पिल्लाला मोकळेपणाने इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. लोक सगळी खोलीच भट्टी करून टाकतात नाहीतर एक बल्ब उंच टांगून मोकळे होतात, आणि मग सकाळी मर मोजत बसतात.

मी अकोल्याच्या बाजूला (आमचं नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नाही) गावरान टाईपच्या कोंबड्या पाळते, आकडे सगळे १०० पिल्लांच्या हिशोबाने दिलेत. ५० असतील तर निम्मं करा.

१. पिल्लं बुक करायच्या आधी

हॅचरीवाल्याला (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्याला) तीन गोष्टी विचारा. जात कोणती, अंड्यातून कधी निघाली, आणि मरेक्सची (कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या रोगाची) लस टोचली का. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात, नंतर घरी देऊन उपयोग नसतो. बिल घ्याच, त्यावर जात आणि तारीख लिहून घ्या, पुढे काही वाद झाला किंवा डॉक्टरांनी वय विचारलं तर तोच कागद कामाला येतो.

बाजारात गाडीवर "गावरान पिल्लं" म्हणून स्वस्तात विकतात, कधी रंग लावून, त्यात बऱ्याचदा अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात जी हॅचरीला नकोच असतात. ती अंडी देणार नाहीत, अंगही धरणार नाहीत. घरच्या पाळणीला गिरीराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जाती सोप्या जातात. आपल्याकडे पशुसंवर्धन खात्याची अंडी उबवणी केंद्रं आहेत, पुण्यात खडकीला मध्यवर्ती केंद्र आहे, तिथे नंबर लावावा लागतो पण जातीची खात्री असते.

पिल्लं कधी आणायची तेही बघा. पहिलीच बॅच असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात आणू नका, आणि कोकणातले असाल तर जुलैच्या धारेत तर अजिबात नको, तिथे थंडीपेक्षा ओल जास्त मारते. फेब्रुवारी किंवा दिवाळीच्या आसपासचे दिवस बरे.

२. सामान

पिल्लं यायच्या निदान चार दिवस आधी हे सगळं हातात पाहिजे:

- चिक गार्डसाठी (पिल्लांभोवतीच्या कुंपणासाठी) दीड फूट उंच आणि साधारण २२ फूट लांब पत्रा. पत्रा नको असेल तर जाड पुठ्ठ्याची खोकी कापून जोडा, चालतं
- भाताचं तूस, ३-४ पोती
- १०० वॅटचे पिवळे बल्ब २, थंडी असेल तर ४, आणि वर एक-दोन जादा
- चिनी मातीचे किंवा बॅकेलाईटचे होल्डर, जाड वायर, टांगायला साखळी
- बल्बवर झाकायला जुनं पत्र्याचं घमेलं किंवा बांबूची पाटी
- थर्मामीटर, शक्यतो वायरला सेन्सर असलेला डिजिटल
- पिल्लांचे पाण्याचे ड्रिंकर ३, खाद्याचे ट्रे ३
- जुने पेपर, गोणपाट, ताडपत्री
- चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार) खाद्य, मक्याचा भरडा, गूळ
- कोळसा आणि शेगडी, लाईट गेली तर

एलईडी बल्ब घेऊ नका. हे मुद्दाम लिहितेय कारण दुकानदार "जुने बल्ब आता येत नाहीत, हाच घ्या, लाईट बिल कमी येईल" म्हणून तोच गळ्यात मारतो. एलईडीने उजेड पडतो, उब मिळत नाही. फिलामेंटचा पिवळा बल्ब किंवा इन्फ्रारेड बल्बच पाहिजे. इन्फ्रारेड साधारण २५० वॅटचा असतो, एकच पुरतो, पण तो एक गेला की सगळंच गेलं, म्हणून मला दोन साधे बल्ब बरे वाटतात.

३. जागा

वारा थेट येणार नाही, पाऊस उडणार नाही आणि रात्री तुम्हाला उठून बघता येईल अशी खोली. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. मळ्यातल्या शेडमध्ये ब्रूडर लावून घरी झोपायचं असेल तर पिल्लं महिन्याभराची घ्या, थोडी महाग पडतात पण झोप लागते.

आधी त्या जागेत कोंबड्या होत्या का? मग जुनं तूस खरवडून लांब नेऊन टाका, धुवा, भिंतींना आणि जमिनीला चुना मारा आणि दहा-पंधरा दिवस रिकामी ठेवा. बिळं सिमेंटने बुजवा. उंदीर, घूस, मुंगूस, मांजर, साप सगळ्यांना पिल्लं आवडतात. उंदराने नेलेल्या पिल्लाचं काहीच मागे राहत नाही, नुसता आकडा कमी होत जातो आणि आपण घरच्यांवर संशय घेत बसतो.

खिडक्यांना ताडपत्री किंवा पोत्यांचे पडदे लावा, पण खालून घट्ट बांधा आणि वर वितभर उघडं राहू द्या. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आणि दमट हवा वरून निघून जाते आणि वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही. चारी बाजूंनी गच्च बंद खोली हा थंडीतला सगळ्यात कॉमन सापळा आहे. आत गेल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर जमिनीपासून तीन इंचावर श्वास घेणाऱ्या पिल्लाचं काय होत असेल बघा.

४. गोल करा, चौकोन नको

२२ फुटाचा पत्रा गोल केला की साधारण ७ फूट व्यासाचं रिंगण होतं, १०० पिल्लांना सुरुवातीला तेवढं बास. गोलच का, तर पिल्लं घाबरली किंवा गारठली की कोपरा धरतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. रिंगणाला कोपराच नसतो. खोलीच छोटी असेल आणि रिंगण बसत नसेल तर निदान चारी कोपऱ्यात पुठ्ठा वाकवून लावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पत्रा थोडा थोडा मोठा करत जायचा, आठवडा-दहा दिवसांनी काढून टाकायचा.

५. तूस आणि पेपर

जमिनीवर २ ते ३ इंच कोरडं तूस. आमच्याकडे भात असल्यामुळे राईस मिलवर सहज मिळतं. नसेल तर शेंगांची टरफलं बारीक करून घ्या. लाकडाचा बारीक भुसा टाळा, पिल्लं तो खातात आणि धूळही फार उडते. पोतं उघडल्यावर बुरशीचा वास आला तर ते तूस चुलीत घाला, कोंबड्यांना नको, त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं जातात.

पहिले दोन-तीन दिवस तुसावर पेपर अंथरायचा, म्हणजे पिल्लू तुसालाच दाणा समजून खात नाही. फक्त गुळगुळीत मासिकाचा कागद नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि एकदा पाय फाकले की ते पिल्लू उभं राहणं अवघड. साधा वर्तमानपत्राचा पेपर चुरगाळून परत पसरला की पकड मिळते. रोज बदला.

६. बल्ब टांगणं

हिशोब सोपा आहे, पिल्लामागे २ वॅट, म्हणजे १०० पिल्लांना २०० वॅट. थंडीत दुप्पट धरा. २०० वॅट दिवसरात्र चालले तर दिवसाला ४.८ युनिट जातात, बिलाचा अंदाज आत्ताच घरात सांगून ठेवा.

बल्ब रिंगणाच्या मध्ये, तुसापासून सव्वा ते दीड फुटावर. वर घमेलं उलटं टांगलं की उब वर न जाता खाली राहते. टांगायला साखळी वापरा, वायरवर बल्ब लोंबकळत ठेवू नका. तूस कोरडं, पेपर कोरडा, वर तापलेला बल्ब, तो पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. प्लॅस्टिकचा होल्डर काही दिवसात वितळतो. साखळीचा अजून एक फायदा, उब कमीजास्त करायला एकेक कडी वरखाली करता येते.

थर्मामीटर भिंतीला लावून काही कळत नाही. सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून २-३ इंच, आणि घमेल्याच्या कडेच्या सरळ खाली ठेवा. तिथे पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस पाहिजे, जुन्या लोकांच्या भाषेत ९५ फॅरनहाइट. पत्र्याजवळ तापमान याहून बरंच कमी असणार आणि ते तसंच असू द्या, ती पिल्लांची गार जागा आहे.

७. पिल्लं यायच्या आधीची रात्र

बल्ब आदल्या दिवशीच लावून ठेवा. पिल्लं आली आणि मग वायर शोधतोय हे चालणार नाही, कारण हवा गरम व्हायला तासभर लागतो पण खालची फरशी आणि तूस तापायला रात्र लागते, आणि पिल्लू हवेत नाही, तुसावर उभं असतं. हात तुसात घालून बघा, कोमट लागलं पाहिजे. कुठला बल्ब उडणार, कुठली वायर गरम होते, कुठून वारा येतो हे पण त्याच रात्री कळतं.

८. पिल्लं उतरवताना

हॅचरीच्या खोक्यात चार कप्पे असतात, प्रत्येकात २५. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन दिवस काढू शकतं, म्हणूनच तर एसटीच्या टपावरून नि टेम्पोतून पिल्लं येऊ शकतात. पण काढू शकतं म्हणजे काढायला लावायचं असं नाही. आली की लगेच खोक्यातून बाहेर. बाईकवर आणत असाल तर खोक्याची भोकं झाकू नका, वारा लागतो म्हणून शाल गुंडाळणारे लोक पिल्लं गुदमरवून आणतात.

आधी पाणी. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅमच्या आसपास गूळ विरघळवून ड्रिंकर भरून ठेवलेले असू द्या. पिल्लू मोजत मोजत काढा, चोच हलकेच पाण्यात बुडवा आणि बल्बजवळ सोडा. शंभरच्या शंभर चोची बुडवायची गरज नसते, पंधरा-वीस पिल्लं प्यायला लागली की बाकीची बघून शिकतात, पण पहिल्या वेळी सगळ्यांची बुडवा, मोजणीही होते आणि कुठलं मलूल आहे तेही कळतं. गूळपाणी पहिले काही तासच. दिवसभर ठेवलं तर पातळ संडास आणि मुंग्या दोन्ही येतात.

पाणी पिऊन दोन-तीन तास झाले की पेपरवरच मक्याचा भरडा पसरा. संध्याकाळी काही पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा, मऊ भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर त्याला खाणं सापडलेलं नाही, किंवा ते इतकं गारठलंय की बल्बखालून हलतच नाही.

९. आता थर्मामीटर विसरा, पिल्लं बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दाराआडून, आवाज न करता बघा, कारण तुम्ही आत गेलात की ती पळतात आणि खरं चित्र मोडतं.

सगळी बल्बखाली गोळा, एकमेकांत घुसतायत आणि चिवचिव मोठ्याने चालू आहे: गार पडतंय. एक कडी खाली करा किंवा बल्ब वाढवा.

सगळी पत्र्याला चिकटलेली, पंख सैल, चोच उघडी, आवाज नाही: गरम होतंय. बल्ब वर घ्या. गप्प आहेत म्हणजे मजेत आहेत असं समजू नका.

सगळी एकाच बाजूला: दुसऱ्या बाजूने वारा येतोय. उदबत्ती लावून धूर कुठे वळतो बघा, फट सापडते.

काही खातायत, काही पितायत, काही पाय पसरून आडवी झोपलीयत, अधूनमधून बारीक आवाज: हे हवं होतं. आडवं पसरलेलं पिल्लू बघून नवीन माणूस घाबरतो, मेलं की काय म्हणून उचलतो आणि ते बिचारं दचकून ओरडतं. झोपू द्या त्याला.

शंका आली तर पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गार आहे, थर्मामीटर काहीही म्हणो.

पहिले तीन-चार दिवस रात्री बारा आणि पहाटे चारला उठायचंच. पहाटेचा गारठा सगळ्यात वाईट, संध्याकाळी बरोबर लावलेली उंची पहाटे चुकलेली असते. आणि एप्रिलमध्ये चंद्रपूर-नागपूरकडे असाल तर उलटं, दुपारी बल्ब चक्क बंद करा, तिथे पिल्लं उष्णतेने मरतात.

याच फेरीत पिल्लांची मागची बाजू पण बघा. घाण वाळून चिकटली असेल तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका. तशीच राहिली तर संडास अडकून पिल्लू मरतं. खूप जणांना झालंय असं दिसलं तर उबेत गडबड आहे, नाहीतर पोटाचं काहीतरी, डॉक्टरांना दाखवा.

१०. लाईट गेली तर

जाणारच. अंधार झाला की पिल्लं घाबरून ढीग करतात, उब जायच्या आधी या ढिगानेच नुकसान होतं. म्हणून चार्जिंगचा छोटा दिवा कायम लावलेला ठेवा, उजेडापुरता एलईडी इथे चालतो.

उबेसाठी शेगडी. कोळसे बाहेर अंगणात पेटवा, धूर पूर्ण जाऊन लाल निखारे झाले की मग आत आणा, विटांवर ठेवा, वरून बाजूला भोकं पाडलेलं मातीचं मडकं उलटं घाला म्हणजे पिल्लू निखाऱ्याला लागत नाही आणि उब सगळीकडे पसरते. पडद्याची वरची फट उघडीच पाहिजे, कोळशाचा गॅस दिसत नाही की वास येत नाही, तो पिल्लांना मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही. शेगडी असताना ब्रूडरच्या खोलीत झोपायचं नाही, यात कुणाचं काही ऐकू नका.

तासा-दोन तासाचा प्रश्न असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या किंवा चुलीवर तापवलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवा. तेवढं पुरतं.

११. खाद्य आणि पाणी

दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास असलेलं. शंभर पिल्लं पहिल्या आठवड्यात दिवसाला किलोभर खातात, पुढे भराभर वाढतं. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत. आणि घरात मोठ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पडलंय म्हणून तेच घालू नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांना १ टक्का पुरतं, जास्तीने त्यांच्या किडन्या खराब होतात.

ड्रिंकर आणि ट्रे बल्बच्या बरोबर खाली नको, उबेच्या कडेला ठेवा. पाणी गरम झालं की पिल्लं पीत नाहीत. ड्रिंकरच्या खोबणीत धुतलेले खडे टाका, नाहीतर एखादं पिल्लू त्यात उतरून भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू म्हणजे गेलेलं पिल्लू. भांडी दिवसातून दोनदा घासा. पिल्लं वाढतील तशी विटेवर ठेवून उंची वाढवा, पाण्याची कडा पिल्लाच्या पाठीच्या लेव्हलला.

१२. ओलं तूस आणि रक्ती हगवण

ड्रिंकरभोवतीचं तूस ओलं होतंच. ते रोज उचलून टाका, बाकीचं एकदा हाताने खालीवर करा. मूठभर तूस दाबा, लाडू झाला तर ओल जास्त आहे, विस्कटलं तर ठीक. थोडा विरलेला चुना मिसळला तर तो ओल शोषून घेतो.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात संडासात रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली तर ती रक्ती हगवण. ओल्या उबदार तुसात तिचे जंतू वाढतात. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, औषध पाण्यातून देतात आणि लवकर दिलं तर बहुतेक पिल्लं वाचतात. हळद-ताकावर दोन दिवस घालवू नका.

१३. लसी

५ ते ७ व्या दिवशी लासोटा, मानमोडीसाठी, डोळ्यात एक थेंब. १२ ते १४ व्या दिवशी गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती मारणाऱ्या रोगाची). चौथ्या आठवड्यात लासोटा परत. पुढे सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची. तारखा तुमच्या भागातल्या डॉक्टरांना विचारून पक्क्या करा.

बाटली २ ते ८ अंशात राहिली पाहिजे, दुकानातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणा. शर्टाच्या खिशात आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एकदा कालवली की दीड-दोन तासात संपवायची, उरलेली उद्याला चालत नाही. बाटल्या मोठ्या येतात म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर लस वाटून घेता येते. लस टोचलेली, पाजलेली तारीख खाद्याच्या पोत्यावर लिहू नका, पोतं जातं, वहीत लिहा.

१४. उब कमी करत बाहेर काढणं

दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. आधी बल्ब वर घ्यायचा, मग दुपारचा बंद, मग एकच बल्ब रात्रीपुरता. पिल्लंच सांगतात, बल्ब चालू असून त्याच्याखाली कुणी जात नाही म्हणजे त्याची गरज संपली. थंडीत हे सगळं आठवडाभर पुढे ढकललं तरी चालेल.

या काळात एकमेकांची पिसं उपटायला लागली तर बहुतेक वेळा जागा कमी पडतेय किंवा उजेड फार भक्क आहे. रक्त निघालेलं पिल्लू लगेच वेगळं करा, बाकीची त्याच जागी टोचत राहतात.

चार-पाच आठवड्यांनी पाठीवर आणि छातीवर पूर्ण पिसं आली की दुपारचं ऊन असताना तासभर अंगणात सोडा, जाळीच्या आत, कारण घार आणि कावळा दोघेही वरून बघत असतात. पहिले काही दिवस पिल्लांना स्वतःहून खुराड्यात परत जायचं कळत नाही, संध्याकाळी आत थोडा भरडा टाकून बोलवा आणि दार लावण्याआधी मोजा.